शनवार तेल्याचं कार्ड

हाउन्सलो, २२ ऑक्टोबर १९६८

ती. मिरियमताईस मझलचा शालोम.

तुझं पत्र आलं असं लिहिणार होते, पण आलं ते माझंच पत्र. मी तुला पाठवलेलं, तू लाल शाईने तपासलेलं, जागोजागी गोल केलेलं, आणि खाली शेरा: "चुका सुधारून पुन्हा लिहिणे. दाखवणे." अगं, लोकांच्या बहिणी पत्राला उत्तर पाठवतात! भायखळ्याची शाळा सोडलीस, मुंबई सोडलीस, इस्रायलला जाऊन डिमोनाच्या गिरणीत कामाला लागलीस, पण लाल शाईची बाटली काही सोडली नाहीस. रुबेन इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. नवऱ्यांना काय, बायकोच्या चुका निघाल्या की दिवाळीच.

बरं ते असू दे. मी आज वेगळ्याच कारणासाठी लिहिते आहे. काल सोलूची चादर बदलायला गेले आणि गादीखाली काय निघावं? बाई गं! चित्रांचा हा एवढा गठ्ठा, रबर लावून ठेवलेला. वरचं चित्र पाहिलं तर एक दांडगा पुरुष, अर्ध्या चड्डीत, मांड्या उघड्या, हाताची घडी घालून माझ्याकडे बघतोय. खाली दुसरा तसाच, तिसरा तसाच. मी मनात म्हटलं, मझल, आता ताईला काय तोंड दाखवणार? सतरा वर्षांचा मुलगा तिने विश्वासाने शिकायला पाठवला आणि त्याच्या गादीखाली हे!

रुबेननी पाहिलं आणि सांगितलं की ही फुटबॉलवाल्यांची कार्डं आहेत. इथे विलायतेत च्युइंग गमच्या पाकिटात एक गुलाबी पट्टी असते आणि तिच्याबरोबर ही कार्डं. पुढे फोटो, मागे त्या खेळाडूची माहिती, जन्म कुठला, उंची किती, वजन किती. पोरं जमवतात, आपसांत बदलतात. सोलूला विचारलं तर म्हणाला, "मावशी, कॉलेजमध्ये एव्हरीबडी कलेक्ट करतात." त्या गमची पट्टी खाऊ नकोस असं मी त्याला बजावलं आहे, त्यात कुठल्या जनावराचं काय घातलेलं असेल कोणी सांगावं.

त्या गठ्ठ्यात एक कार्ड मात्र वेगळं होतं. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेलं, त्यावर सोलूचा पासपोर्टचा फोटो चिकटवलेला, खाली इंग्रजीत "एस. पेणकर". मागची बाजू कोरी होती. मी होतं तसं ठेवून दिलं.

बाकी त्याचा अभ्यास उत्तम चालला आहे. संध्याकाळी उशिरा येतो, लायब्ररीत बसतो म्हणे. बूट फार मळतात त्याचे. लायब्ररीच्या वाटेवर चिखल असेल.

तुझी मझल


हाउन्सलो, २७ फेब्रुवारी १९६९

ती. ताईस शालोम.

आधी बस. पाणी पी. मग वाच.

लायब्ररीच्या वाटेवर चिखल नाही. लायब्ररीच नाही. तुझा लेक गेलं वर्षभर फुटबॉल खेळतो आहे, आणि मला हे कळलं कसं? गेल्या महिन्यात दाराची बेल वाजली. टाय लावलेला एक गोरा माणूस उभा. "मिसेस पेणकर?" मी म्हटलं नाही, मी तिची बहीण. तर तो आत येऊन सोफ्यावर बसला आणि म्हणाला की तुमच्या भाच्याला हॅनवर्थ रोव्हर्समध्ये घ्यायचं आहे. दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब, मोठा. सध्या रिझर्व्ह टीममध्ये, म्हणजे राखीव पोरांच्यात. पालकाची सही हवी. चहा द्यायचंसुद्धा सुचलं नाही. आणि रुबेननी, ज्यांना बाजारातून वांगी आणायची तरी मला विचारावं लागतं, त्यांनी खिशातून पेन काढून सही केली! वर मला म्हणतात, "मला माहीत होतं." घरात मी एकटीच आंधळी.

कॉलेज सुटलेलं नाही. आठवड्यातले तीन दिवस जातो, ही अट मी घालून घेतली आहे. आणि दुसरी अट मला घालावीच लागली नाही. त्या टायवाल्याला सोलूनेच सांगितलं, "आय डोन्ट प्ले सॅटर्डेज." तो माणूस हसला, त्याला वाटलं पोरगा चेष्टा करतोय. सोलू हसला नाही. रिझर्व्हच्या मॅच बऱ्याचशा बुधवारी संध्याकाळी असतात, त्या तो खेळेल. तेव्हा शनिवारच्या शब्बाथची काळजी करू नकोस.

काल बुधवारी मी बघायला गेले. हो, गेले! एअरपोर्टच्या किचनमध्ये दिवसभर विमानातले ट्रे भरून, तशीच कोट घालून. मैदानावर माणसं थोडी, थंडी रग्गड. तो डाव्या कडेने पळतो. ताई, काय पळतो गं! मला ओळखूच येईना. तुला आठवतं ना, तीन वर्षांचा झाला तरी पाय टाकत नव्हता? डॉक्टरांनी हात टेकले होते. तू अलिबागेकडे खंडाळ्याला गेलीस, एलियाहू हनाबीच्या त्या खडकापाशी, जिथून प्रेषित स्वर्गात गेले म्हणतात, मी बरोबर होते. तुझ्या कडेवर तो. तू नवस बोललीस, "पोराला धावताना पाहू दे, मलिदा करीन." पुढच्या वर्षी आपण भायखळ्याला मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, आणि हा मेला ताटाभोवती पळत होता. मी काल त्या थंडीत उभी राहून रडले. शेजारच्या म्हाताऱ्याने मला रुमाल दिला, त्याला वाटलं आम्ही हरतोय म्हणून.

एका माणसाने सोलूच्या रंगावरून त्याला काय म्हणून हाक मारली ते इथे लिहीत नाही. लाल शाईनेसुद्धा ते खोडून निघणार नाही. मला इतका राग आला की मीही ओरडले, "पळ रे सोल्या, दाखव त्यांना!" सगळं मैदान माझ्याकडे वळून बघायला लागलं. तो मात्र वळला नाही, पण जोरात पळाला.

आता खरं सांगू? कार्डं मीही घ्यायला लागले आहे. शुक्रवारी कामावरून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पाकिटं. पट्टी शेजारच्या पोरांना, कार्डं मला. माझ्याकडे दोनदा आलेली असली तर स्लाऊच्या सुप्रभाबरोबर बदलते. तिचे यजमान तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत, सोलापूरची आहे, तिचा मुलगा जमवतो म्हणून तीही जमवते. आम्ही दोघी बस स्टॉपवर उभ्या राहून, "हा टकल्या आहे माझ्याकडे, तो दाढीवाला दे," असं करतो. बघणारे तोंडात बोट घालतात. मीही नवस बोलले आहे. सोलूचं खरं कार्ड निघालं की मलिदा करीन.

रागावू नकोस. तू धावण्याचा नवस बोललीस, तो फळला. कुठे धावायचं ते तू एलियाहूला सांगितलं नव्हतंस.

मझल


हाउन्सलो, १६ नोव्हेंबर १९६९

ती. ताईस शालोम.

हे पत्र काल लिहायला हवं होतं, पण काल शब्बाथ होता. आणि काल लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं देव जाणे.

शुक्रवारी दुपारी सोलू बॅग घेऊन निघाला. मित्राकडे राहतो म्हणाला. मी दिवे लावायच्या घाईत होते, माझं काही लक्ष गेलं नाही. काल दिवसभर आम्ही घरात. रुबेननी प्रार्थना म्हटल्या, जेवलो, झोपलो. नोव्हेंबरात बरं असतं, अंधार लवकर पडतो. आकाशात तारे दिसल्यावर रुबेन संध्याकाळचा पेपर आणायला गेले. आले ते कोट न काढताच टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, "मझल, चष्मा लाव." हॅनवर्थ रोव्हर्स, दोन विरुद्ध एक. गोल करणाऱ्यांची नावं. त्यात पेणकर.

शनिवारी, ताई. फर्स्ट टीममध्ये. शनिवारी.

पेपरातली शाई बोटाला लागली तरी मी त्या नावावर बोट फिरवत होते. मला काय वाटलं ते तुला सांगितलं तर तू मला बहीण म्हणणार नाहीस. आधी आनंद झाला. मग लगेच तुझं तोंड डोळ्यांसमोर आलं.

रात्री तो आला. घरात येईना, फाटकाशीच उभा. म्हणाला, "मावशी, मॅनेजरने चॉइस दिला. सॅटर्डे नाही तर बाय-बाय. वर्षभर मी नाही म्हणत होतो. परवा तो म्हणाला, लास्ट टाइम विचारतोय." मी म्हटलं, आईला काय सांगू? तो म्हणाला, "सांगू नकोस." मी म्हटलं, तसं जमणार नाही. त्याने मान हलवली आणि मग म्हणाला, "मी इथून घरातून निघत नाही सॅटर्डेला. तुझ्या घरातून कोणी शब्बाथ मोडत नाही. एवढं लिही तिला." म्हणून एवढं लिहिते आहे.

मी त्याला घराबाहेर काढलेला नाही आणि काढणार नाही. तुला ओरडायचं असेल तर मला ओरड. पण मी जाऊन बघणार नाही हे नक्की. गंमत बघ, तो राखीव पोरांत होता तोवर मी बुधवारी जाऊन बघत होते. मोठा झाला आणि माझं बघणं बंद झालं.

उत्तर लवकर पाठव. तपासून नको, उत्तर पाठव.

मझल


हाउन्सलो, १४ जानेवारी १९७०

मिरियमताई,

तुझं दोन ओळींचं कार्ड आलं. "आपण शनवार तेली. दोन हजार वर्षं शनिवारी घाणा थांबला म्हणून आपण उरलो. ज्याला एक चेंडू थांबवता येत नाही तो माझा कोणी नाही." ताई, या तीन वाक्यांत एकही चूक नाही. मी शोधली.

मी म्हटलं रागाच्या भरात लिहिलं असेल, महिन्याभरात निवळेल. मग परवा एलिशेबा आली. आपल्या रोहेकरांची एलिशेबा, तुझ्याच गल्लीत राहते ती. भावाकडे मँचेस्टरला निघाली होती, विमान बदलायचं म्हणून एक रात्र आमच्याकडे राहिली. मी भात वाढत होते. ती सहज म्हणाली, "मिरियमबाईंकडे सात दिवस आम्ही आळीपाळीने जेवण नेलं. जमिनीवरून उठल्या नाहीत बाई."

मी विचारलं, कोण गेलं?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं की मला माहीत नाही.

ताई! तू जिवंत मुलाचं सुतक पाळलंस? पदर फाडलास, आरसा झाकलास, शेजाऱ्यांच्या हातचं उकडलेलं अंडं खाल्लंस, सोलूसाठी? माझ्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. माझा विश्वासच बसेना. ज्या पोराचे पाय चालावेत म्हणून तू खंडाळ्याच्या खडकावर डोकं टेकलंस, त्याचे सात दिवस! आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो दारात उभा होता. ट्रेनिंगवरून आला होता, बूट हातात घेऊन. त्याने सगळं ऐकलं.

तुला वाटेल रडला असेल, ओरडला असेल. नाही. हात धुऊन आला, पानावर बसला, एलिशेबाला विचारलं, "आई बरी आहे?" ती म्हणाली हो. मग माझ्याकडे ताट करून म्हणाला, "मावशी, आमटी दे थोडी." दोनदा भात घेतला. मला त्या जेवणाचीच भीती वाटली.

तू तिथे काय सोसतेस ते मला कळतं. तिथली माणसं तुम्हाला विचारतात, तुम्ही काळे, तुम्ही मराठी बोलता, तुम्ही खरे यहुदी कशावरून? आणि तू सांगत असणार, शनिवारी घाणा थांबवला यावरून. ते पाळायचं म्हणून तू चूल पेटवत नाहीस, दिव्याच्या बटणाला हात लावत नाहीस. मग तुझाच मुलगा पेपरात छापून येतो, शनिवारी. तुला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं असेल. सगळं कळतं गं मला. पण तो मेलेला नाही. आतल्या खोलीत घोरतो आहे, मला इथे ऐकू येतं.

मझल


हाउन्सलो, २२ सप्टेंबर १९७०

ताई,

तू लिहायचं सोडल्याला आठ महिने झाले. मी पाठवलेल्या पत्रांना तू लाल शाईसुद्धा लावली नाहीस. तरी लिहिते, कारण लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

आम्ही या वर्षी फोन घेतला. आज सकाळी सुप्रभाचा आला. ओरडतच होती, "अहो मझलताई, निघाला! तुमचा सोलोमन निघाला! पाकीट फोडलं आणि पहिलाच!" मी किंचाळले. रुबेन अंघोळीतून साबणासकट बाहेर आले. मी म्हटलं वाच, वाच, काय छापलंय ते वाच. ती वाचायला लागली. फोटो छान आला आहे, लाल शर्ट, केस जरा वाढलेत. नाव, सॉल पेणकर. मग म्हणाली, "थांबा हं, मागचं वाचते." आणि वाचता वाचता गप्प झाली.

मी म्हटलं, अगं बोल ना. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "मझलताई, तुम्ही बसल्या आहात ना? मला माहीत नव्हतं हो. मिरियमताई कधी गेल्या?"

माझ्या हातून फोन सुटला. ताई, तुला शपथेवर सांगते, त्या घटकेला मला वाटलं तू खरंच गेलीस. आठ महिने पत्र नाही. मला वाटलं म्हणूनच पत्र नाही. वाटलं की सगळ्या जगाला कळलं आहे, च्युइंग गमवाल्यांनासुद्धा कळलं, आणि सख्ख्या बहिणीला कोणी सांगितलं नाही. मी खाली बसले. रुबेननी फोन उचलून सुप्रभाला विचारलं, मग मला हलवून हलवून सांगितलं, "कार्डावर छापलंय, मझल. नुसतं छापलंय. सोलूने सांगितलं असणार."

दुपारी सुप्रभा स्वतः बसने येऊन कार्ड देऊन गेली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं बिचारीचं. मागे काय लिहिलंय ते जसंच्या तसं मराठीत सांगते: "जन्म बॉम्बे, पाकिस्तान. चपळ डावा विंगर. आई-वडील लहानपणीच वारले. मावशीने वाढवलं."

शेवटची ओळ वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला वाटेल मीच असं लिहवून घेतलं. मी त्याला तीन वर्षं जेवायला घातलं, ताई. वाढवलंस तू. भाऊजी गेल्यावर एकटीने.

संध्याकाळी तो आला. मी कार्ड त्याच्यासमोर आपटलं. म्हटलं, जिवंत आईला मारलंस? लाज नाही वाटली? आधी तो कार्डाकडे बघून हसला. दोन वर्षांपूर्वी पुठ्ठ्याचं केलं होतं ना, तेच आता खरं झालेलं. मग माझं तोंड पाहून हसायचा थांबला.

"उन्हाळ्यात कार्डवाल्यांचा माणूस आला होता ग्राउंडवर. भराभर विचारत होता. हाइट, वेट, पेरेंट्स. मी म्हटलं डेड."

"का म्हटलंस?"

"मावशी, मेलं कोण? मी मेलो. माझे सात दिवस झाले. मेलेल्या माणसाला आई असते का?"

याचं उत्तर तुला येत असेल तर तू दे. पुढे तो म्हणाला, "मला वाटलं हे कोणी वाचत नाही. मागची बाजू कोण वाचतं?" आणि मग, "तिला पाठवणार आहेस?" मी म्हटलं हो. तो म्हणाला, "नको पाठवूस." पण कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं नाही त्याने.

म्हणून सोबत पाठवते आहे. मी दीड वर्ष ज्याच्यासाठी पाकिटं फोडली ते हेच कार्ड, माझ्याकडे दुसरं नाही. मलिद्याचा नवस बोलले होते. पोहे आणून ठेवले आहेत, पण कुठल्या तोंडाने करू? पुढच्या आठवड्यात नव्याचा सण, मग दारफाळणीचा उपास येतो. त्या दिवशी दार लावून घरात बसायचं आणि केलेलं सगळं आठवायचं. या वर्षी तो शनिवारीच आला आहे.

तू त्याला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मला फक्त एवढं कळव की तू आहेस. आजच्यासारखी सकाळ मला परत नको.

मझल


हाउन्सलो, ३ नोव्हेंबर १९७०

माझी ताई,

काल तुझं पाकीट आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहूनच मी दारात उभ्या उभ्या ते फाडलं. आत पत्र नव्हतं. कागदाचा कपटासुद्धा नव्हता. कार्ड परत आलं होतं.

लाल शर्टातला सोलू माझ्याकडे बघत होता आणि मला वाटलं, संपलं. तिने फोटोसुद्धा ठेवून घेतला नाही. मी पायरीवर बसून राहिले. दूधवाल्याने विचारलं, आर यू ऑल राइट, लव्ह? मी नुसती मान हलवली. रुबेन रात्रपाळीहून आले, त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं, आणि म्हणाले, "अगं वेडे, मागे बघितलंस का?"

ताई, मी बघितलं नव्हतं!

त्या एवढ्याशा जागेत तू काय काय केलंस गं! "पाकिस्तान" खोडून वर "हिंदुस्थान". वजनाभोवती गोल आणि बाजूला "एवढंच? जेवतो ना?" "आई-वडील" मधलं "वडील" तसंच ठेवलंस, बरोबर आहे, भाऊजी गेलेच. नुसती "आई" खोडलीस आणि वर लाल शाईने लिहिलंस, "आई आहे." आणि "मावशीने वाढवलं" या ओळीला मी घाबरत होते, तिच्यापुढे तू बरोबरची खूण केलीस. मी ती खूण दहादा पाहिली. रुबेननासुद्धा विचारलं, ही बरोबरचीच खूण आहे ना? आयुष्यात तू मला दिलेली ही पहिलीच.

आणि तळाशी शेरा. "चुका सुधारून पुन्हा लिहिणे. दहा वेळा. दाखवणे."

शनिवारबद्दल तू अक्षर लिहिलेलं नाहीस. मीही विचारत नाही. तुला एक सांगायचं राहिलं होतं. दारफाळणीला तो खेळला नाही. क्लबला काय सांगितलं कोण जाणे, पण आदल्या संध्याकाळपासून घरात होता. पांढरा सदरा घातला, दार लावलं, पाणीसुद्धा प्यायला नाही. आम्ही तिघं दिवसभर गप्प बसलो होतो. पुढच्या शनिवारी परत गेला.

काल संध्याकाळी तो आला तेव्हा मी कार्ड त्याच्या ताटाशी ठेवलं होतं, मागची बाजू वर करून. म्हटलं, या वेळी मागची बाजू कोणीतरी वाचली आहे. तो वाचत उभा राहिला. मी पोळ्या लाटत होते, लाटणं थांबवून ऐकत होते. मग खाली बसला. बोटाने तो "एवढंच?" चाचपून पाहिला. तोंडावर हात घेतला. मग म्हणाला, "मावशी, रेघांचा कागद आहे का?"

मी दिला. लाल पेन त्याने नको म्हटलं, निळं घेतलं. जेवण तसंच राहिलं. वीस वर्षांचा घोडा, पेपरात नाव येणारा, टेबलाशी वाकून, जीभ दातांत धरून, दुसरीतल्या पोरासारखा लिहीत बसला. त्याचं मराठी अक्षर फार बिघडलं आहे, इतकी वर्षं इंग्रजीच लिहितो. पाचव्या ओळीनंतर थांबून मला विचारलं, "ती बरी आहे असं वाटतं का तुला?" मी म्हटलं, लाल शाई अजून संपलेली नाही, म्हणजे उत्तम आहे. तेव्हा कुठे हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मीही लाटणं टाकून तेच केलं. रुबेन म्हणाले, पोळी करपते आहे. करपू दे म्हटलं.

आज मलिदा केला. सुप्रभाने स्लाऊहून नारळ आणला, पाच फळं जमली. तुझ्या वाटणीची मूठ बाजूला काढून ठेवली आहे, पण ती टिकायची नाही.

सोबत सोलूचा कागद जोडते आहे. दहा ओळी आहेत, मी मोजल्या. "मला आई आहे." सातवी ओळ फिसकटली आहे, ती शाई वाईट होती म्हणून नव्हे, तेव्हा तिचे मार्क कापू नकोस. तपासून घे. पण ताई, या वेळी पोस्टाने परत पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. रुबेन तिकिटाचं बघतील.

फक्त शनिवारी येऊ नकोस. तू प्रवास करणार नाहीस, आणि तो घरी नसतो.

तुझी मझल